सरासरी हात कोणाचा?

गिल्बर्ट डॅनिएल्स यांचा ‘सरासरी माणूस?’ हा अहवाल (१९५२) शिक्षकांनी जरूर समजून घ्यावा. अमेरिकी हवाई दलातील ४,०६३ पुरुषांची दहा मापे त्यांनी तपासली; दहाही मापांत मध्यम असा एकही निघाला नाही. ‘सरासरी माणसा’साठी आसन बेतण्याच्या कल्पनेतील हवाच त्यामुळे निघून जाते.

मात्र एक मर्यादा आम्हाला जाणवते. ही मापे मुख्यतः कपडे बेतण्याच्या उपयोगाची. बाहीची लांबी म्हणजे हाताची पोच नव्हे. पोच ही खांद्याची हालचाल, बैठक आणि पकड यांवरही ठरते.

वर्गात विद्यार्थ्यांची पाठ भिंतीला टेकवून चिमटीची पोच मोजून पाहावी. टेबलावरची वस्तू कोठे ठेवायची, हे सर्वांत आखूड पोच पाहून ठरवावे. नाहीतर त्या विद्यार्थ्याने दिवसभर वाकायचे!