तंतुमय स्पर्शसंवेदक आणि हमरापूरचे मूर्तिकार : एक चिकित्सा

यंत्रमानवाच्या बोटांसाठीच्या लवचिक तंतुमय संवेदकांत दाबाने तंतूचा विद्युतरोध, धारिता किंवा त्यातून जाणारा प्रकाश बदलतो व त्यावरून स्पर्श मोजला जातो. तंतू वाकतो, विणताही येतो. हे यश निर्विवाद आहे. परंतु मोजणे म्हणजे जाणणे नव्हे. जोहान्सन व व्हाल्बो यांनी १९७९ साली मानवी हाताच्या तळव्यात सुमारे १७,००० स्पर्शघटक असल्याचा अंदाज मांडला. पेण तालुक्यातील हमरापूरचा मूर्तिकार ओल्या शाडूवर बोट फिरवताना दाब, ओलावा व घसरण एकत्र जाणतो आणि तत्क्षणी हात आवरतो. याउलट ओलाव्याने धारितेचे मापन बिघडते. भार काढल्यावरही बहुवारिक तंतू लगेच पूर्वस्थितीत येत नाही. म्हणून कोरड्या पृष्ठभागावरील अचूकतेस ‘मानवी स्पर्श’ म्हणणे अतिशयोक्त ठरते. संवेदकाची खरी कसोटी ओल्या मातीवरच घ्यावयास हवी. अन्यथा कारागिराचे कौशल्य केवळ दाबाच्या आकड्यांत मोजले जाईल.