तिसऱ्या बाणाचे काय?

एकामागून एक धावणाऱ्या तीन बाणांचा त्रिकोण पोस्टरांपासून पाण्याच्या बाटलीपर्यंत सर्वत्र दिसतो. गॅरी अँडरसन या अमेरिकन विद्यार्थ्याने तो १९७० साली एका स्पर्धेसाठी रेखाटला. चित्र सुबक आहे. मात्र शिकवण्याचे साधन म्हणून त्यावर आमचे दोन आक्षेप आहेत.

पहिला आक्षेप आकड्यांचा. अमेरिकेतील प्लॅस्टिक उद्योगाने १९८८ पासून बाणांच्या त्रिकोणात १ ते ७ आकडे घातले. आकडा फक्त प्लॅस्टिकचा प्रकार सांगतो. १ म्हणजे पीईटी, ६ म्हणजे पॉलिस्टायरिन. मुले मात्र त्रिकोण पाहून 'याचे पुनर्चक्रण होतेच' असे समजतात. २०१३ मध्ये अमेरिकी मानकातून बाण काढून साधा त्रिकोण ठेवण्यात आला, तरी जुनी खूण अजून वस्तूंवर आढळते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तीन बाणांचा रूढ अर्थ असा: गोळा करणे, त्यापासून नवी वस्तू बनवणे आणि ती विकत घेणे. आपले शालेय प्रकल्प पहिल्या बाणापाशीच थांबतात. वास्तविक गिऱ्हाईक नसेल, तर वेगळा केलेला कचरा हा कचराच राहतो.

पुण्याचे उदाहरण घेऊ. तेथे 'स्वच्छ' या सहकारी संस्थेचे कचरावेचक सभासद घरोघरी कचरा गोळा करतात. सुका कचरा भंगारात विकून येणारे पैसे हा त्यांच्या मिळकतीचा एक भाग आहे. २०२० मध्ये खनिज तेलाचे भाव कोसळले आणि नवे प्लॅस्टिकही स्वस्त झाले. अशा वेळी कारखानदार जुन्या प्लॅस्टिकचे दाणे कशाला घेईल? भाव पडला की फटका अखेर वेचणाऱ्या हातांना बसतो. चित्रात सारखे दिसणारे तीन बाण प्रत्यक्षात असे एकमेकांवर अवलंबून असतात.

म्हणूनच मागणी निर्माण करणे महत्त्वाचे. भारताच्या २०२२ च्या नियमदुरुस्तीत कडक प्लॅस्टिक वेष्टनांमध्ये २०२५-२६ पासून ३० टक्के पुनर्चक्रित प्लॅस्टिक वापरण्याचे बंधन घातले गेले. ही दिशा आम्हाला योग्य वाटते.

शिक्षकांनी एवढे करून पाहावे. मुलांना गावातल्या भंगारवाल्याकडे पाठवून प्रत्येक वस्तूचा भाव लिहून आणायला सांगावे. बाटलीला भाव मिळतो. वेफर्सच्या पुडीला सहसा मिळत नाही, कारण तिचे चिकटलेले थर सुटे करणे परवडत नाही. मग विचारावे: शाळेच्या वह्यांत जुन्या कागदाचा वाटा किती? तिसऱ्या बाणाचा धडा तेथून सुरू होईल.