पातळी उतरते तेव्हा

रसग्रहण कवितेचं होतं, कथेचं होतं. मला ते वीसेक ओळींच्या एका फंक्शनचं करायचं आहे. लिनक्समधल्या केव्हीएम या हायपरवायझरची, म्हणजे आभासी यंत्रं (गेस्ट) चालवणाऱ्या प्रणालीची, ‘लॅपिक डॉट सी’ नावाची फाइल आहे. त्यातलं ‘एपिक अपडेट पीपीआर’ आणि त्याच्यासाठी आकडेमोड करणारं त्याचं जोडफंक्शन, एवढाच आपला मजकूर. केव्हीएम 2007 मध्ये लिनक्स 2.6.20 सोबत आलं आणि त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे. शिरपूरच्या अभियांत्रिकी कॉलेजातली मुलं 8085 शिकताना ट्रॅप, आरएसटी 7.5, 6.5, 5.5 आणि शेवटी आयएनटीआर हा इंटरप्टचा अग्रक्रम पाठ करतात. त्यांनी त्यानंतर लगेच ही फाइल उघडावी, असं मला मनापासून वाटतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. इंटेलच्या प्रोसेसरवर इंटरप्टला, म्हणजे चालू काम थांबवून लक्ष मागणाऱ्या इशाऱ्याला, 0 ते 255 मधला क्रमांक असतो. त्याचे वरचे चार बिट म्हणजे त्याचा वर्ग; एका वर्गात 16 क्रमांक. ऑपरेटिंग सिस्टिम टीपीआर नावाच्या रजिस्टरमध्ये सांगते, ‘या वर्गापर्यंतचं काही आत्ता माझ्याकडे आणू नका.’ दुसरीकडे, एखादा इंटरप्ट हाताळणं चालू असेल तर त्याचाही वर्ग असतो. या दोहोंत जो वरचढ, तो पीपीआर. वाट पाहणाऱ्या इंटरप्टचा वर्ग पीपीआरच्या वर्गाहून मोठा असेल तरच तो आत जातो. बरोबरीचा थांबतो.

आता ओळींकडे. चालू असलेला सर्वांत वरचा इंटरप्ट शोधल्यावर लेखक लगेच विचारतो: उत्तर उणे एक, म्हणजे ‘काहीच चालू नाही’, असं आलं का? आलं असेल तर शून्य धर. वाचताना ही ओळ डोळ्यांखालून सहज निसटते. पण उणे एक म्हणजे संगणकाच्या लेखी सगळे बिट 1. त्यातले वर्गाचे चार बिट वेगळे काढले तर वर्ग येतो 15, सर्वांत वरचा. म्हणजे ही ओळ नसती तर काहीच चालू नसताना यंत्राला वाटलं असतं की सर्वांत महत्त्वाचं काम चालू आहे, आणि एकही साधा इंटरप्ट आत आला नसता. रिकामपणाचा अर्थ कमाल व्यग्रता असा लागला असता! तो अनर्थ या एका ओळीने टाळला आहे.

पुढची तुलना ‘मोठा किंवा बरोबर’ अशी आहे. टीपीआर वरचढ किंवा बरोबरीचा असेल तर त्याचे आठही बिट पीपीआरमध्ये जातात. नाहीतर चालू इंटरप्टचा फक्त वर्ग जातो, खालचे चार बिट शून्य. ही असमानता ढिलाई वाटेल, पण इंटेलच्या नियमपुस्तकाला धरूनच आहे. बरोबरीच्या प्रसंगी ते पुस्तक दोन्ही पर्याय मोकळे ठेवतं आणि लेखकाने त्यातला एक उचलला आहे.

माझ्या मते या मजकुराचा गाभा मात्र जोडफंक्शनच्या शेवटच्या ओळीत आहे. तिथे विचारलं आहे: नवा पीपीआर जुन्याहून लहान झाला का? पाणी अडवण्याच्या शिरपूर पॅटर्नमधल्या बंधाऱ्यांना दरवाजे नसतात. पाणी भिंतीच्या वर आलं की आपसूक पुढे जातं, कोणी येऊन पाहावं लागत नाही. इंटरप्ट सांभाळणाऱ्या खऱ्या चिपमध्येही असंच असतं, पातळी उतरली की थांबलेला इंटरप्ट पुढे सरकतो. केव्हीएमने उभ्या केलेल्या आभासी चिपमध्ये मात्र आपसूक काहीच होत नाही. गेस्टमध्ये परत शिरण्याआधी केव्हीएम दर खेपेला सगळं तपासत बसत नाही. तसं केलं तर वेळ जाईल. तपासणीची विनंती नोंदवलेली असेल तरच ते पाहतं. ही तुलना नसती तर पातळी उतरली असती, पण ती विनंती नोंदवली गेली नसती, इंटरप्ट तिथेच पडून राहिला असता आणि दुसऱ्या कुठल्या निमित्ताने कोणी डोकावेपर्यंत गेस्ट डिस्कच्या उत्तराची वाट पाहत बसलं असतं. असा दोष शोधणं फार जिकिरीचं, कारण मध्येच काही वेगळं घडलं की तो दिसेनासा होतो. ‘बदलला का’ असं न विचारता ‘लहान झाला का’ असं विचारणं मला विशेष भावतं. पातळी चढल्याने कोणालाही नवी वाट मिळत नाही, मग तपासायचं कशासाठी?

पुढे पाओलो बोन्झिनी यांनी इथे आणखी एक अट घातली: पीपीआर लहान झाला आहे आणि नव्या पातळीला आत येऊ शकेल असा इंटरप्ट खरोखर वाट पाहतो आहे, तरच विनंती नोंदवायची. 64-बिट विंडोज आपले अग्रक्रम सीआर8 या रजिस्टरमधून, म्हणजे टीपीआरच्याच वर्गातून, सतत वरखाली करते. तिथे फुकटची प्रत्येक विनंती महाग पडते. इंटेलच्या हार्डवेअरमध्येही याच विचाराची सोय आहे. थांबलेल्या इंटरप्टचा वर्ग 5 असेल तर हायपरवायझर 5 ही खूण करून ठेवतो. गेस्टने आपली पातळी 9 वरून 7 वर आणली तरी प्रोसेसर हायपरवायझरला उठवत नाही. ती 4 झाली की त्याच क्षणी गेस्ट थांबतं आणि ताबा हायपरवायझरकडे येतो.