'ट्विस्ट'नंतर 'अनविन'

'ऑलिव्हर ट्विस्ट' म्हटलं की वाडगा पुढे करून अजून थोडी पेज मागणारा मुलगा आठवतो. मी मात्र त्याच्या आधीच्या पानांवर अडकलो. गेल्या पावसाळ्यात ऑफिसच्या बसमध्ये मोबाइलवर ही कादंबरी वाचत होतो. त्यात बंबल नावाचा पॅरिशचा अधिकारी अभिमानाने सांगतो, की बेवारस मुलांना आपण वर्णमालेच्या क्रमाने आडनावं देतो. आधीचा 'एस'वरून स्वबल, हा 'टी'वरून ट्विस्ट, पुढचा अनविन, त्याच्या पुढचा व्हिल्किन्स. यादी तयार आहे, फक्त मुलं यायची बाकी आहेत.

आमच्या धंद्यात याला ऑटो-इन्क्रिमेंट म्हणतात. नवी नोंद आली की डेटाबेस पुढचा आकडा चिकटवतो, नोंद कोणाची हे त्याला ठाऊक नसतं. मी दोन वर्षं एका योजनेच्या पोर्टलवर काम केलंय. अपात्र ठरलेला अर्ज माझ्या स्क्रीनवर फक्त एक लाल ओळ असायचा. त्यामुळे बंबलवर मला हसता आलं नाही.

इंग्लंडमध्ये 1834 साली गरिबांसाठी नवा कायदा आला. मदत हवी तर वर्कहाऊसमध्ये राहायला या, आणि तिथलं जगणं बाहेरच्या सर्वांत गरीब मजुराच्या जगण्यापेक्षाही नकोसं असलं पाहिजे, हे त्यामागचं तत्त्व. गरजू नसलेला माणूस आपोआप दूर राहील, असा हिशोब. म्हणजे तिथली भूक ठरवून वाढलेली होती.

फेब्रुवारी 1837मध्ये ही कादंबरी मासिकातून क्रमशः सुरू झाली, तेव्हा डिकन्स जेमतेम 25 वर्षांचा होता. बारा वर्षांचा असताना वडील कर्जापायी तुरुंगात गेले आणि हा बूटपॉलिशच्या कारखान्यात बाटल्यांना लेबलं चिकटवत बसला. म्हणूनच की काय, त्याचा राग आकड्यांतून बोलतो. एका मुलामागे आठवड्याला साडेसात पेन्स, त्यातला मोठा वाटा सांभाळणाऱ्या मिसेस मॅनच्या खिशात. दिवसातून तीनदा पातळ पेज, आठवड्यातून दोनदा कांदा, रविवारी अर्धा पाव. आणि पेज मागितल्यावर दाराबाहेर पाटी: या मुलाला घेऊन जाणाऱ्याला पाच पौंड. भाषण न देता केवळ दरपत्रक वाचून दाखवत अख्खी व्यवस्था उघडी पाडणं, हे या सुरुवातीच्या प्रकरणांचं खरं बळ.

पुढे मात्र कादंबरी कच खाते, असं माझं मत आहे. वर्कहाऊसमध्ये वाढलेला ऑलिव्हर सुसंस्कृत घरातल्या मुलासारखं शुद्ध इंग्रजी बोलतो. चोरांच्या टोळीत राहूनही तो निष्कलंक राहतो. शेवटी कळतं, की तो चांगल्या घराण्यातला आहे आणि वडिलांनी त्याच्यासाठी संपत्ती ठेवली आहे. मग त्याचा चांगुलपणा त्याचा स्वतःचा, की रक्तातून आलेला? रक्तातून आलेला असेल तर अनविनचं काय?

मला सर्वांत जास्त खटकलं ते मृत्युपत्र. वडिलांनी त्यात अट घातली आहे: मुलाने सज्ञान होईपर्यंत नावाला बट्टा लागेल असं काही केलं नाही, तरच पैसा त्याचा. म्हणून तर सावत्र भाऊ मंक्स त्याला गुन्हेगार बनवायला धडपडतो. वर्कहाऊसच्या मंडळाने लायक-नालायक ठरवणं डिकन्सला अमानुष वाटतं, पण त्याच्या सुखान्तालाही पात्रतेची चाळणी लागतेच. फक्त ती चालवणारा आता बाप आहे.

गंमत म्हणजे दुसरं उत्तर त्याच्या शेजारीच होतं. कादंबरी लिहिताना तो डाउटी स्ट्रीटवर राहत होता. तिथून जवळच लंडनचं फाउंडलिंग हॉस्पिटल होतं. थॉमस कोरमने 1739मध्ये सनद मिळवून उभं केलेलं, टाकून दिलेल्या मुलांचं घर. ऑलिव्हरला वाचवणाऱ्या ब्राउनलोचं नाव तिथल्या जॉन ब्राउनलोवरून घेतलं असावं, असं मानतात. हा खरा ब्राउनलो स्वतःच त्या संस्थेत वाढला होता आणि पुढे तिचा सचिव झाला. घराणं नाही, मृत्युपत्र नाही.

अर्थात ते घरही स्वर्ग नव्हतं. जागा कमी, म्हणून तिथे आयांना पिशवीतून चेंडू काढायला लावत. पांढरा आला तर बाळ आत, काळा आला तर परत, लाल आला तर थांबा. 1756मध्ये संसदेने पैसा दिला आणि दार सर्वांना उघडलं. चारेक वर्षांत जवळपास 15,000 मुलं आली, त्यांतली सुमारे दोन तृतीयांश दगावली. 1760मध्ये संसदेने हात आखडता घेतला. सरकारने दार उघडणं पुरेसं नसतं, आतही माणसं आणि दूध लागतं.

डिकन्सच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. ऑलिव्हरचा लहानगा मित्र डिक त्याला निरोप देताना आशीर्वाद देतो. शेवटी ऑलिव्हर त्याला न्यायला परततो, तेव्हा डिक मेलेला असतो. त्याला कोणी ब्राउनलो भेटला नाही, त्याच्या नावाचं मृत्युपत्र निघालं नाही. कथानकाला गरज नसताना डिकन्सने हा मृत्यू ठेवला, कारण आपला सुखान्त एकाच मुलापुरता आहे हे त्याला कळत असावं.

ही कादंबरी वाचाच, पण ऑलिव्हरसोबत डिककडेही बघा. मी आता लाल ओळ दिसली की तो अर्ज उघडून नाव वाचतो. त्याने निकाल बदलत नाही, पण नाव बंबलच्या यादीतलं नाही, एवढं तरी कळतं.