‘न नमलेले’ : एका नमस्काराची साक्ष

सोव्हिएत युद्धपटांत रशियन, युक्रेनी, जॉर्जियन, उझबेक असे नाना जातींचे शिपाई एका खंदकात उभे करण्याची रीत होती. चेहरे मोजून दाखविले की सर्वांचे प्रतिनिधित्व झाले, असा त्यामागील समज. आम्हांस ही मोजदाद पुरेशी वाटत नाही. साक्षीदार किती हजर होते यापेक्षा साक्ष कोणाची नोंदली गेली, हेच न्यायास महत्त्वाचे. या कसोटीवर मार्क दोन्स्कोय यांचा १९४५ मधील ‘नेपोकोर्योन्नीये’, म्हणजे ‘न नमलेले’, हा बोलपट पारखून पाहावा असा आहे.

बोरिस गोर्बातोव यांच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. जर्मनांनी व्यापिलेल्या युक्रेनमधील तारास नावाच्या वृद्ध कामगाराच्या कुटुंबाची ही कथा. तारासची भूमिका अम्ब्रोसी बुच्मा यांनी केली आहे. त्याच गावात आरोन दाविदोविच हा ज्यू डॉक्टर आहे. ही भूमिका वेन्यामिन झुस्किन यांची. मॉस्कोच्या ज्यू रंगभूमीवरील हे थोर नट. १९३५ च्या यिडिश ‘किंग लियर’मधील त्यांचा विदूषक गाजलेला. परक्या नटास दाढी चिकटवून ज्यू केलेला नाही, हे आधी ध्यानात घ्यावे.

मरणाच्या वाटेवरील डॉक्टर भेटतो तेव्हा तारास त्याला वाकून नमस्कार करतो. शत्रूपुढे न नमणारा मनुष्य शेजाऱ्याच्या दुःखापुढे नमतो. अशा नमस्काराचा अर्थ आपल्या वाचकांस फोड करून सांगावयास नको. पुढे दरीतील संहार येतो. तो कीव्हच्या बाबी यार येथेच चित्रित केला आहे. २९ व ३० सप्टेंबर १९४१ या दोन दिवसांत तेथे ३३,७७१ ज्यू मारले गेले. हा आकडा मारेकऱ्यांच्याच अहवालातला. त्यास चार वर्षेही पुरी झाली नव्हती, तोच दोन्स्कोय यांनी तेथे कॅमेरा उभा केला.

या धैर्याचे मोल कळण्यास एक कागद पुरे. कीव्हमधील अत्याचारांवरील १९४४ च्या सरकारी अहवालात ‘ज्यू’ हा मुळातील शब्द खोडून ‘शांतताप्रिय सोव्हिएत नागरिक’ असे घातले गेले. विशेषनाम काढून सामान्यनाम घालणे ही किरकोळ दुरुस्ती नव्हे. त्याने फिर्यादीच बदलतो. अहवालाने जे पुसले ते बोलपटाने दाखविले.

तरीही उणीव सांगितली पाहिजे. कथेचा मध्य तारासचे घर हाच आहे. डॉक्टर आपणांस दिसतो तो बहुतांशी तारासच्या नजरेने. त्याचे मरण तारासच्या मनोधैर्याची एक पायरी ठरते. दरीकडे चाललेल्या जनसमूहास देह आहेत, पण स्वतःचे आख्यान नाही. पीडितास करुणेचा विषय करणे सोपे. त्याला कथेचा कर्ता करणे दोन्स्कोय यांसही साधले नाही.

मात्र हा दोष काढताना पुढचा इतिहास विसरून चालणार नाही. झुस्किन यांना १९४८ मध्ये अटक झाली, १९४९ मध्ये त्यांचे नाट्यगृह बंद पडले आणि १२ ऑगस्ट १९५२ रोजी सोव्हिएत सत्तेनेच त्यांना गोळ्या घातल्या. बाबी यार येथे १९७६ मध्ये सरकारी स्मारक उभे राहिले. त्यावरील लेखात ज्यूंचा उल्लेख नव्हता. ज्यूंचे स्वतंत्र स्मारक तेथे १९९१ मध्ये झाले. मधल्या सगळ्या काळात दगडाने जे सांगितले नाही, ते या अपुऱ्या बोलपटाच्या फितीवर नोंदलेले होते. साक्ष त्रोटक असली तरी ती वेळेवर दिलेली होती, आणि म्हणूनच ती ग्राह्य मानावी, असे आमचे मत आहे.