टीका थांबवली म्हणजे सुचतं का?

‘ब्रेनस्टॉर्मिंग’ला आपण विचारमंथन म्हणतो. मंथनातून हलाहलही निघतं, हे मात्र सोयीनं विसरतो! अॅलेक्स ऑस्बॉर्न हा अमेरिकेतला जाहिरातवाला. त्याच्या १९५३च्या पुस्तकानं ही पद्धत जगभर गेली. नियम असा, की मनात येईल ते बोला, टीका नंतर.

१९५८ साली येल विद्यापीठात हे तपासलं गेलं. चौघांच्या गटापेक्षा एकेकट्या बसलेल्या चौघांच्या कल्पना, पुनरुक्ती वगळूनही, जास्त भरल्या. पुढे १९८७मध्ये डील आणि श्ट्रोबे यांनी मुख्य कारण दाखवलं: एक बोलतो तेव्हा बाकीचे थांबतात, आणि थांबता थांबता सुचलेलं विरून जातं.

आम्ही त्यात आपल्याकडचं एक कारण जोडू. इथं आमगावात बैठक घ्या. सरपंच किंवा हेडमास्तर आधी बोलले, की बाकीच्या माना डुलतात. तिथं टीकेला बंदी घालून काय साधणार? टीका होतीच कुठे?

शेजारच्या गडचिरोलीत, धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) आहे. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवणारं गाव. तिथं अभ्यासगटात फक्त चर्चा होते, निर्णय नाही. निर्णय ग्रामसभेत, तोही सर्वसहमतीनं. अभ्यासगटात हरण्या-जिंकण्यासारखं काही नसतं, म्हणून शंका काढायला भीती नाही. ऑस्बॉर्नला हवा होता तो मोकळेपणा आम्हाला या रचनेत दिसतो.

तेव्हा पुढच्या बैठकीत आधी दहा मिनिटं प्रत्येकानं कागदावर लिहावं. वाचताना सुरुवात सगळ्यांत लहानानं करावी. मग खुशाल भांडा. ठराव दुसऱ्या दिवशी.