स्नेहबंधाचे मोजमाप आणि घराचे निरीक्षण

बालविकास व कुटुंबजीवन या विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासात मेरी एन्सवर्थ यांच्या ‘अपरिचित परिस्थिती’ या प्रयोगास जे स्थान लाभले आहे, ते त्यांच्या ग्रंथांस लाभलेले दिसत नाही. वर्षभराच्या मुलास आईसह अनोळखी खोलीत आणावयाचे, एका परक्या स्त्रीने आत यावयाचे, आईने दोनदा बाहेर जाऊन परत यावयाचे, आणि पुनर्भेटीच्या वेळी मूल कसे वागते यावरून त्याचा स्नेहबंध सुरक्षित, परिहारी की द्विधा हे ठरवावयाचे : अवघ्या वीस मिनिटांची ही परीक्षा विद्यार्थ्यास मुखोद्गत असते. ती कोठून निष्पन्न झाली, हे मात्र त्यास क्वचितच सांगितले जाते.

एन्सवर्थ यांनी १९५४-५५ मध्ये युगांडातील खेड्यांत घरोघर जाऊन माता व अर्भके पाहिली. त्यावरील ग्रंथ १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे बाल्टिमोर येथे त्यांनी २६ कुटुंबांचे निरीक्षण केले. दर तीन आठवड्यांनी एक भेट, प्रत्येक भेट सुमारे चार तासांची, आणि हा क्रम मुलाच्या जवळजवळ पहिल्या वाढदिवसापर्यंत. प्रयोगशाळेतील वर्तनास अर्थ प्राप्त झाला तो या टिपणांच्या आधारे. म्हणजे वीस मिनिटांची परीक्षा ही सत्तर तासांच्या निरीक्षणाची संक्षिप्त खूण होय. खूण उचलावयाची आणि निरीक्षण टाकून द्यावयाचे, हा व्यवहार शास्त्रीय म्हणता येणार नाही.

यावर ‘पाश्चात्त्य सिद्धांत आपल्याकडे लागू नाही’ असे एक ठरीव उत्तर दिले जाते. तेही तितकेच आळशीपणाचे आहे. व्हॅन आयझेनडोर्न व क्रूननबर्ग यांनी १९८८ मध्ये आठ देशांतील ३२ अभ्यासांची तुलना केली, तेव्हा देशादेशांतील फरकापेक्षा एकाच देशातील निरनिराळ्या गटांतील फरक अधिक आढळला. त्या आठ देशांत भारत नव्हता, हेही ध्यानात ठेवावे. जपानी संशोधकांचा आक्षेप अधिक मार्मिक आहे. जे मूल आईपासून सहसा दूर होतच नाही, त्यास खोलीत एकटे ठेवणे हा सौम्य ताण नसून भीतीच होय. तेव्हा त्याच्या रडण्यावरून स्नेहबंधाचा प्रकार ठरविणे धोक्याचे. बडोद्यास प्रमिला फाटक यांनी बेली यांच्या मापनश्रेणीचे भारतीय अर्भकांसाठी प्रमाणीकरण केले, तसे येथे करून भागणार नाही. मूल कोणत्या महिन्यात बसते हे मोजता येते. ‘परके’ कोण हे आधी विचारावे लागते.

आणि मराठी घरात हा प्रश्न सोपा नाही. पहिले बाळंतपण माहेरी होते. मूल जन्मते एका घरात आणि काही महिन्यांनी वाढू लागते दुसऱ्या. इरावती कर्वे यांच्या १९५३ च्या आप्तसंबंधविषयक ग्रंथात महाराष्ट्र मध्य विभागात येतो. जेथे मामेबहिणीशी विवाहाची चाल आहे, तेथे सासू ही मुळात आत्याच असते. मुलाची आजी त्याच्या आईच्या बालपणापासून परिचित आहे, की विवाहानंतरच भेटलेली, यावर त्या घरातील मांडीवरची देवघेव पुष्कळ अवलंबून असावी. बालविकासाच्या विद्यार्थ्यास कर्वे ‘समाजशास्त्राच्या’ म्हणून वाचावयास दिल्या जात नाहीत, ही विषयांच्या वाटणीची किंमत आहे.

याच वाटणीत ताराबाई मोडक यांचे कार्य ‘शिक्षणशास्त्राकडे’ गेले. वास्तविक त्यांचे बोर्डीचे (१९४५ पासून) व नंतर कोसबादचे कार्य हे कुटुंबाचे निरीक्षणच होते. थोरली मुलगी शाळेत का येत नाही, याचे उत्तर त्यांना व अनुताई वाघ यांना तिच्या कडेवर सापडले : धाकटे भावंड. म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी उभी राहिली. त्या धाकट्या मुलाचा स्नेहबंध आईशी, की आठ वर्षांच्या बहिणीशी? वीस मिनिटांच्या प्रयोगात त्या बहिणीस खोलीत प्रवेशच नाही. तिला तो देऊन पाहणे, आणि त्याआधी वर्षभर त्या घरी जाणे, हा एखाद्या प्रबंधाचा विषय व्हावयास हरकत नाही.